ठाण्यातील १३२१ चा धर्मवाद आणि ‘नेस्टोरियन’ ही संज्ञा

ख्रिस्ताच्या ठिकाणी ईश्वरत्व व मनुष्यत्व यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा, यासंबंधी पाचव्या शतकात झालेला वाद भूमध्यसमुद्राच्या परिसराचा इतिहास म्हणून अभ्यासिला जातो. त्याचा एक धागा उत्तर कोकणापर्यंत येऊन पोचतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याच बेटावरील ठाणे बंदरात १३२१ साली हा प्रश्न काजीपुढे उपस्थित झाला.

कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस याने मरियेस ‘देवमाता’ म्हणण्यास हरकत घेऊन ‘ख्रिस्तमाता’ हे पद सुचविले. अलेक्झांड्रियाच्या सिरिलला त्यात ख्रिस्ताच्या एकत्वाचा भंग दिसला. ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेने नेस्टोरियसला पदच्युत केले, आणि ४५१ मध्ये चॅल्सिडनच्या परिषदेने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ हा सिद्धान्त मान्य केला. या दोन्ही परिषदा रोमन सम्राटांनी बोलाविलेल्या होत्या. सासानी इराणातील चर्चने मात्र ४२४ मध्येच आपले स्वातंत्र्य घोषित केले होते. दोन स्वभावांमधील भेद कटाक्षाने राखणारी अंत्युखियाची परंपरा त्याने पत्करली. नेस्टोरियस त्याचा संस्थापक नव्हता; तरीही प्रतिपक्षाने दिलेले ‘नेस्टोरियन’ हे नाव त्यास चिकटले.

सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे स्थळ म्हणजे कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक याने ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरे असल्याचे लिहून त्यांची पाखंडी म्हणून निर्भर्त्सना केली.

त्याच्याच वृत्तान्तानुसार, टॉलेंटिनोचा थॉमस व त्याचे तीन सहकारी यांना आसरा मिळाला तो अशाच एका घरी. यजमानाने पत्नीस मारहाण केली; तिने काजीकडे दाद मागितली व साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचा उल्लेख केला. काजीपुढे बोलणे धर्माकडे वळले. ख्रिस्त केवळ मनुष्य होता, असे प्रतिपक्षाने म्हटले. तो देव व मनुष्य दोन्ही आहे, असे थॉमसने प्रतिपादिले. पुढे पैगंबरांविषयी दिलेल्या उत्तरामुळे क्षोभ होऊन एप्रिल महिन्यात चौघांचाही वध झाला. डोमिनिकन जॉर्डानस याने त्यांचे देह सोपारा येथे पुरले.

या प्रसंगाचे मर्म असे की, थॉमसने मांडलेले विधान त्याच्या ‘पाखंडी’ यजमानासही मान्य असावयास हवे होते. कारण पूर्वेकडील चर्चही ख्रिस्तास पूर्ण देव व पूर्ण मनुष्य मानीत होते. मतभेद होता तो या दोहोंचे ऐक्य कोणत्या शब्दांनी व्यक्त करावे याविषयी. सीरियाक भाषेतील ‘क्नोमा’ ही संज्ञा ग्रीक वा लॅटिन शब्दात तंतोतंत उतरत नाही. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल व मार दिनखा चौथे यांनी संयुक्त घोषणेद्वारे उभय पक्षांची ख्रिस्तविषयक श्रद्धा एकच असल्याचे मान्य केले.

म्हणून लॅटिन साधनांतील ‘नेस्टोरियन’ हा शब्द साष्टीतील त्या कुटुंबांचा समुदाय कोणता ते सांगतो. त्यांचा सिद्धान्त कोणता, याचा तो पुरावा ठरत नाही. ओडोरिकच्या वृत्तान्तात त्यांच्यापैकी कोणाचा आवाज उमटला असेल, तर तो काजीकडे गेलेल्या त्या स्त्रीचा. आणि तिची तक्रार धर्मसिद्धान्ताविषयी नव्हती.