चिंचेचे माहेर

इंग्रजी शब्दकोशात ‘टॅमरिन’ आणि ‘टॅमरिंड’ हे शब्द एकमेकांना खेटून बसलेले आहेत. पहिले माकड, दुसरी आपली चिंच. फरक शेवटच्या ‘ड’चा. त्यामुळे वाटते, चिंचेवर राहणारे माकड म्हणून त्याचे हे नाव पडले असेल. तसे मुळीच नाही. दोघांच्या माहेरांमध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे.

टॅमरिन हे दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले चिमुकले माकड. वजन जेमतेम अर्धा किलो. मादीला बहुधा जुळी होतात आणि ती पाठीवर वागवण्याचे काम बरेचदा बापच करतो. त्याचे नाव तिथल्याच कॅरिब बोलीतले. फ्रेंचांनी ते गयानात ऐकले आणि युरोपात नेले. म्हणजे ज्या रानातले माकड, त्याच रानातले नाव.

चिंचेचे मात्र उलटे. झाड मूळ आफ्रिकेचे. भारतात ते इतक्या जुन्या काळी आले, की संस्कृतातही त्याला ‘चिंचा’, ‘तिंतिडी’ अशी नावे आहेत. अरबांना हा तपकिरी, चिकट गर खजुरासारखा वाटला. त्यांनी नाव ठेवले ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. गोव्यातल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या ग्रंथात या नावाची फोड केली आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने ‘टॅमरिंडस इंडिका’ असे शास्त्रीय नाव दिले आणि चिंचेच्या नावापुढे भारताचा पत्ता कायमचा लागला. खरे तर खजुराशी तिचे काहीच नाते नाही. ती शेंगांच्या कुळातली. आपल्या तुरीची आणि पळसाची भाऊबंद.

मग चिंचेला परकी म्हणायचे का? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचा. कळंब म्हणजे कदंब, अस्सल इथला वृक्ष. पण महाराष्ट्राचा नकाशा उघडा. चिंचवड, चिंचणी, चिंचपोकळी, आणि चिंचोली तर किती! आमटीत कोळ तिचा, तांब्याची घागर लखलखते ती तिच्यानेच, पोरांच्या खेळात चिंचोके तिचे. ‘गाभुळलेली’ हा सुंदर शब्द तर मराठीने जणू तिच्यासाठीच घडवला.

माहेर आफ्रिका, नाव अरबांनी दिलेले, आणि संसार इथला. एवढी पिढ्यान्पिढ्या सावली दिल्यावर गावे तिला मूळ गाव विचारत नाहीत. आपल्याच नावात तिला जागा देतात.