भारतातील नामशेष शहामृग: जातीचे नाव कशावरून ठरते?

शहामृग म्हटले की आपल्याला आफ्रिका आठवते. परंतु जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांचे मणी सापडले. एका तुकड्यावर कोरीव नक्षीही आहे. हे अवशेष सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आहेत.

हा न उडणारा पक्षी कोणत्या जातीचा होता? १८७१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी शिवालिक टेकड्यांतील हाडांवरून 'स्ट्रुथिओ एशियाटिकस' ही जात मांडली. ती हाडे लाखो वर्षांपूर्वीची, तर कवचे हजारो वर्षांपूर्वीची. तरीही भारतातल्या कवचांनाही तेच नाव लावले जाऊ लागले. दोन्ही पक्षी एकाच जातीचे होते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नव्हते.

२०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील संशोधकांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील कवचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कवचातून मिळालेल्या डीएनएचे आजच्या आफ्रिकी शहामृगाशी, म्हणजे 'स्ट्रुथिओ कॅमेलस'शी, सुमारे ९२ टक्के साम्य आढळले. त्यामुळे जुन्या नावाकडे पुन्हा पाहावे लागले.

लक्षात ठेवा: जातीचे नाव हे पुराव्यावर उभे असलेले अनुमान असते. पुरावा बदलला की नावही तपासावे लागते.

स्वाध्याय: पाटण्याच्या कवचांना 'एशियाटिकस' म्हणण्यापूर्वी तुम्ही कोणता पुरावा मागाल? कारणे लिहा.