बेरजेत बुडालेली अंतरे : एचआरव्हीचा इतिहास

ज्याच्या हृदयाचे मिनिटाला ६० ठोके पडतात, त्याचा प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो का? निरोगी हृदयात तसे घडत नाही. एक अंतर ९४० मिलिसेकंदांचे, तर पुढचे १०६० चे. या चढउताराला आज एचआरव्ही, म्हणजे हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. अनेक धावपटू सकाळी हा आकडा पाहूनच सरावाचा बेत ठरवतात. मात्र त्याचे खरे मोल प्रथम कळले ते मैदानावर नव्हे, प्रसूतिगृहात.

इतका उशीर का झाला? काही दोष घड्याळाचाही. इंग्लिश वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला. नाडी आकड्यात बांधली गेली खरी. पण दोन ठोक्यांमधली अंतरे मिनिटाच्या बेरजेत बुडाली.

१७३३ मध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्तदाब मोजला. श्वासासोबत रक्तदाब आणि नाडी बदलते, हे टिपण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. पुढे १८४७ मध्ये जर्मनीत कार्ल लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर हीच हालचाल रेखाटून दाखवली : श्वास आत घेताना गती वाढते, सोडताना मंदावते. मेंदूतून निघणारा व्हेगस मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. श्वास घेताना तो सैल पडतो, सोडताना आवळतो. ताण, आजार किंवा अतिश्रम यांत लगाम सैलच राहतो आणि ठोके एकसारखे पडू लागतात. एरवी शिस्त वाटावी अशी ही नियमितता इथे धोक्याची खूण ठरते.

हे किती गंभीर आहे, ते १९६० च्या दशकात अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड हॉन आणि त्यांचे सहकारी ली यांना दिसले. गर्भ संकटात सापडला, की हृदयगतीचा आकडा फारसा बदलण्याआधीच ठोक्यांमधल्या अंतरांचा चढउतार बिघडत होता. मिनिटाची बेरीज करणाऱ्याला बाळ अजून सुखरूपच वाटले असते.

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील १७६ हृदयविकार रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या ठोक्यांत चढउतार कमी त्यांच्यात मृत्यू अधिक आढळले. १९८७ मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचे २४ तासांचे आलेख तपासले. ज्यांचे प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांहून कमी, त्यांना मृत्यूचा धोका १०० हून अधिक असणाऱ्यांच्या ५.३ पट होता. त्यानंतर दुर्लक्ष अशक्य झाले. १९९६ मध्ये युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मोजणीचे समान निकष ठरवले.

खेळाचे मैदान या कथेत उशिरा येते. फिनलंडमधील पोलार कंपनीने १९८० च्या दशकात छातीच्या पट्ट्यावरचे बिनतारी मापक बाजारात आणले आणि हृदय प्रयोगशाळेबाहेर मोजता येऊ लागले. २००७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी धावणाऱ्यांचे गट पाडले. एक गट ठरलेल्या वेळापत्रकाने धावला. दुसऱ्याने सकाळचा एचआरव्ही घसरला की सराव हलका केला किंवा विश्रांती घेतली. चार आठवड्यांनंतर दुसऱ्या गटाची धावण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली.

मनगटावरची घड्याळे आज हाच आकडा प्रकाशाच्या साहाय्याने टिपतात. मित्राच्या आकड्याशी त्याची तुलना मात्र व्यर्थ : ४० मिलिसेकंद हा एकाचा नेहमीचा आकडा असतो, दुसऱ्याच्या थकव्याचा. म्हणून प्रशिक्षक एका सकाळच्या नोंदीवर विसंबत नाहीत. काही आठवड्यांच्या नोंदींतून त्या खेळाडूची स्वतःची सरासरी काढतात आणि जागरण, ताप किंवा मद्यपान यांनीही आकडा उतरतो, हे ध्यानात ठेवून मगच त्या दिवसाचा सराव ठरवतात.