कल्याणाचा कारभार : दुर्गाबाई देशमुख

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळाच्या जुन्या वह्या चाळल्या तर गणेशोत्सव, नाटके व व्याख्याने यांच्या नोंदी विपुल सापडतात. महिला शाखेने चालविलेली बालवाडी किंवा शिवणवर्ग यांची नोंद मात्र एखाद्या ओळीतच आटोपलेली असते. अशा लहान कामांना सरकारने हात द्यावा काय, आणि दिल्यास त्यांचा प्राण न गुदमरता तो कसा द्यावा, हा प्रश्न आम्हां सरकारी नोकरांना नवा नाही. स्वतंत्र भारतात अखिल भारतीय पातळीवर तो हाती घेणाऱ्यांत अग्रणी होत्या दुर्गाबाई देशमुख. त्या जन्माने आंध्रकन्या; विवाहाने रोह्याच्या देशमुख घराण्यातल्या. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या कारकिर्दीचे स्मरण अप्रस्तुत ठरणार नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्री येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. जाणत्या वयात त्यांनी ते बंधन नाकारले. १९२३ साली काकिनाडा काँग्रेसच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून त्या उभ्या होत्या. तिकिटावाचून आलेल्या पंडित नेहरूंना त्यांनी अडविले, आणि तिकीट काढल्यावरच आत सोडले. ही आख्यायिका नव्हे, घडलेली गोष्ट आहे, आणि पुढील कारभाराचे बीज तीत दिसते.

मिठाच्या सत्याग्रहात आणि त्यानंतर १९३० ते १९३३ या काळात त्यांना तीनदा कारावास घडला. कायद्याच्या अज्ञानामुळे स्वतःचा बचावही करू न शकणाऱ्या स्त्री-कैदी त्यांनी तुरुंगात पाहिल्या. सुटकेनंतर त्यांनी राहिलेले शिक्षण नेटाने पुरे केले आणि १९४२ मध्ये मद्रास येथे कायद्याची पदवी मिळविली. तत्पूर्वीच, १९३७ साली, त्यांनी मद्रासेत आंध्र महिला सभा स्थापिली होती. वर्गणी गोळा करण्यातली दगदग आणि मदतीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थाचालकाची केविलवाणी अवस्था, ही दोन्ही त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती.

संविधान सभेच्या सदस्या म्हणून त्यांनी काम केले. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. परंतु त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगावर घेतले. डिसेंबर १९५२ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना संसदेपुढे आली. तिचा एकूण खर्च २,०६९ कोटी रुपयांचा. त्यात स्वयंसेवी समाजकल्याण संस्थांच्या साह्यासाठी राखलेली रक्कम ४ कोटी. म्हणजे पाचशे रुपयांत एक रुपयाही पुरता नाही! पुढील महिन्यात, जानेवारी १९५३ मध्ये, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी दुर्गाबाईंचा नोंदणी विवाह झाला. ही तरतूद त्या विवाहाच्या आधीची होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाची रचना पाहण्यासारखी होती. अर्थ, शिक्षण, आरोग्य इत्यादी मंत्रालयांचे प्रतिनिधी त्यात होते, पण बहुमत बिनसरकारी सभासदांचे, आणि त्यांतही स्त्रियांचे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायांनी गरज सांगावी आणि खजिन्याच्या माणसाने त्याच टेबलाशी बसून ती ऐकावी, असा हा बेत होता. एरवी तोच कागद खात्याखात्यांतून फिरत राहिला असता, हे आमच्या वाचकांतील सचिवालयीन मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. १९५४ पासून राज्याराज्यांत सल्लागार मंडळे स्थापन झाली. अनुदान मागणाऱ्या संस्थेने आपलाही वाटा उचलावा असा दंडक होता. कारण फुकट मिळालेल्या कामाबद्दल गावाला आपलेपणा वाटत नाही.

त्या काळी बहुतेक संस्था शहरांत होत्या आणि अनुदान त्यांच्याकडेच वाहिले असते. म्हणून १९५४ मध्ये मंडळाने ग्रामीण भागासाठी कल्याण विस्तार प्रकल्प सुरू केले. वीस-पंचवीस गावांचा एक गट, त्यात काही केंद्रे, आणि केंद्रांतून बालवाडी, बाळंतपणाची सोय, साक्षरता व हस्तोद्योग, अशी त्यांची मांडणी होती. मात्र ग्रामसेविका व सुईणी मिळेनात. खेड्यात शिकलेल्या स्त्रियाच थोड्या! तेव्हा १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. विधवा, परित्यक्ता आणि शाळा सुटलेल्या स्त्रिया दोनेक वर्षांत परीक्षेस बसू लागल्या. काल साह्य घेणारी स्त्री उद्या साह्य देणारी व्हावी, हा विचार आम्हांस त्यांच्या सर्व योजनांत श्रेष्ठ वाटतो. त्याच सुमारास स्त्रीशिक्षणविषयक राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. तिचा अहवाल १९५९ मध्ये आला.

सारेच यशस्वी झाले असे नाही. पुढे अनेक प्रकल्प स्थानिक महिला मंडळांकडे सोपविले गेले, आणि सगळ्यांनाच तो भार पेलवला नाही. मानसेवेचा उत्साह ओसरला की केवळ नियम उरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तथापि वाट पडली होती. इकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडीचा प्रयोग सिद्ध केलाच होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. कौटुंबिक तंट्यांसाठी वेगळी न्यायालये असावीत, ही दुर्गाबाईंनी १९५३ च्या चीन भेटीनंतर मांडलेली सूचना. तिचा कायदा व्हावयास १९८४ उजाडले. तो पाहण्यास त्या नव्हत्या. १९७५ मध्ये पतिपत्नी दोघांसही पद्मविभूषण मिळाले; १९८१ मध्ये दुर्गाबाई आणि १९८२ मध्ये चिंतामणराव निवर्तले.

त्यांनी उभारलेले मंडळही सुमारे सात दशकांनंतर बंद झाले. संस्था जातात, खाती बदलतात. परंतु परक्या गावी नव्याने आलेल्या कुटुंबातील आईला मूल विश्वासाने सोपविण्याजोगी जागा लागते, ती गरज बदलत नाही. आमच्या मंडळांतून ज्या भगिनींनी ती जागा वर्षानुवर्षे सांभाळली, त्यांची नावे निदान पुढच्या स्मरणिकेत तरी पूर्ण यावीत, एवढीच आमची विनंती.