आप्तवाक्य आणि मतपेटी

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या आमच्या मित्रांस प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. मोडी दप्तरें, सनदा, महजर व वंशावळी यांच्या सहवासांत रमणाऱ्यांस सार्वत्रिक निवडणुकीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न ते करतील. परंतु १९५१-५२ सालीं झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस आतां सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या वेळीं मतदानास किमान वय एकवीस होतें. म्हणजे तेव्हांचा तरुणांतला तरुण मतदारही आज नव्वदी ओलांडून गेला आहे. या पिढीच्या आईबापांनीं आपल्या मुलांस घरांत बसून “आम्ही अमक्यास मत देणार, कारण असें असें” म्हणून जें सांगितलें, तें इतिहासाचें साधन होय कीं नव्हे, असल्यास किती वजनाचें, आणि तें कसें तपासावें, एवढाच विचार येथें नागपूरच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

नैयायिकांनीं शब्दप्रमाण आप्ताच्या उपदेशावर उभें केलें आहे. वस्तु जशी आहे तशी ज्यानें पाहिली, व जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो शास्त्रांतील आप्त. मराठींत मात्र आप्त म्हणजे नातलग. मतदानाच्या इतिहासांत हे दोन अर्थ एकमेकांजवळ येऊन बसतात. कारण मतदारानें मत कां दिलें हें सांगणारा येथें बहुधा मराठी अर्थाचा आप्त असतो, आणि तो शास्त्रार्थानेंही आप्त आहे कीं काय हें पाहणें संशोधकाकडे येतें.

लेखी पुराव्याचा अभाव

इतर साधनें अपघातानें नष्ट होतात. वाळवी, पाऊस, आग आणि रद्दीवाला हे आपले चार शत्रु सर्वांच्या परिचयाचे आहेत. मतपत्रिका मात्र नियमानेंच नष्ट होते. १९६१ च्या निवडणूक-नियमांप्रमाणें वापरलेल्या मतपत्रिका एक वर्ष राखून ठेवावयाच्या, आणि अन्यथा आदेश नसल्यास पुढें नष्ट करावयाच्या. समजा, १९५२ च्या पत्रिका कोणी राखून ठेविल्या असत्या, तरी त्यांचा उपयोग नव्हता. त्या निवडणुकींत व १९५७ च्या निवडणुकींतही प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिजवर त्याचें चिन्ह डकविलेलें असे. मतदारानें पडद्याआड जाऊन आपली पत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची. पत्रिकेवर त्याच्या हातची एक रेघही उमटत नसे. पहिल्या निवडणुकीसाठीं सुमारे वीस लक्ष पोलादी पेट्या लागल्या व त्यांस ८,२०० टन पोलाद खर्ची पडलें. एवढ्या पोलादांतून एकाही मतदाराचा हेतु आपल्यापर्यंत पोंचलेला नाहीं. पोंचले ते केवळ बेरजेचे आंकडे.

यावर आणखी एक कुलूप आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें ९४ वें कलम असें कीं, आपण कोणास मत दिलें हें सांगण्यास कोणाही साक्षीदारास अथवा इतर व्यक्तीस भाग पाडतां येणार नाहीं. म्हणजे जें न्यायाधीशास विचारतां येत नाहीं, तें फक्त मतदार आपण होऊन सांगेल तेव्हांच कळावयाचें. असें आपण होऊन सांगण्याचें स्थळ म्हणजे घर, आणि श्रोते म्हणजे बहुधा मुलें. सबब हें मौखिक साधन दुय्यम म्हणून टाकून देण्याची सोय आपणांस नाहीं. त्याच्या जोडीस दुसरें साधनच नाहीं.

मतदारयादींतील आई

लेखी साधनांपैकीं मतदाराच्या सर्वांत जवळ जाणारें साधन म्हणजे मतदारयादी. पहिल्या यादींत सुमारे १७ कोटि ३२ लक्ष नांवें होतीं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं आपल्या अहवालांत नमूद केलें आहे कीं, यादी तयार होत असतां अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, अमक्याची आई एवढेंच सांगितलें. असें नांव ग्राह्य धरूं नये असें ठरलें. सुमारे ८ कोटि स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें शेवटपर्यंत न मिळाल्यामुळें त्यांच्या नोंदी वगळाव्या लागल्या.

येथें एका घोटाळ्याविषयीं सावध करणें अवश्य आहे. सेन यांनीं या बाबतींत ज्या प्रांतांचा विशेष निर्देश केला आहे ते बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश व मध्यभारत हे होत. नागपूर तेव्हां मध्यप्रदेशाची राजधानी होतें. मध्यभारत म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरकडील निराळें राज्य. नामसादृश्यावरून हा दोष नागपूरच्या माथीं मारूं नये. तथापि संकोच नागपुरांतही होताच. आमच्या घरची हकीकत अशी कीं, यादी करणारे गृहस्थ महाल भागांतील आमच्या वाड्यांत आले तेव्हां आजीनें माजघरांतून “थोरल्याची आई म्हणून लिहा” असें सांगितलें, आणि तिचें नांव ओसरीवरून आजोबांनीं उच्चारलें. तेवढ्यानें तिचें मत वांचलें. ही हकीकत आम्हांस वडिलांकडून मिळाली. स्वतः आजीस विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

चिन्हावरून कालनिर्णय

ज्याप्रमाणें पत्रावरील शिक्का, कागदाची जात व सुहूर सन यांवरून आपण मितीचा पडताळा घेतों, त्याप्रमाणें वृद्धांच्या बोलण्यांतील चिन्हांवरून त्यांच्या आठवणीचा काल बराच निश्चित करतां येतो. काँग्रेसची बैलजोडी १९५२ पासून १९६७ च्या निवडणुकीपर्यंतची. १९६९ च्या फुटीनंतर इंदिरा गांधींच्या पक्षाचें गायवासरूं १९७१ व १९७७ चें. आणि हात १९७८ पासूनचा. जनसंघाचा दिवा १९७१ पर्यंतचा. १९७७ सालीं जनता पक्ष नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढला. कमळ १९८० पासूनचें.

यांतून कांहीं सूक्ष्म कसोट्या निघतात. “बावन्न सालीं बैलजोडीवर शिक्का मारला” असें कोणी म्हणालें, तर दोन आठवणी एकांत एक मिसळल्या आहेत असें समजावें. कारण पत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत सार्वत्रिक निवडणुकींत १९६२ पासून आली, त्यापूर्वीं पेटींत पत्रिका टाकावयाची होती. उलट भंडाऱ्याकडील एखादा वृद्ध “मला दोन मतें होतीं” म्हणाला, तर त्यास भ्रम झाला असें मानूं नये. ज्या पोटनिवडणुकीस १९५४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते तो भंडारा मतदारसंघ द्विसदस्य होता व तेथें प्रत्येकास दोन मतें होतीं. असे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें बंद झाले. दुसरें मत मुद्दाम न देणें यास “मत कुजविणें” म्हणत; हा शब्द ज्याच्या तोंडीं सहज येईल त्याची आठवण त्या काळची असण्याचा संभव अधिक.

नागपूरचा क्रम

नागपूरच्या लोकसभेच्या जागेचा पूर्वक्रम वाचकांच्या सोयीसाठीं देतों. १९५२ व १९५७ सालीं काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या. १९३७ नंतरच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेंत त्या उपसभापति होत्या. त्यांच्या निधनानंतर १९५९ च्या पोटनिवडणुकींत, व पुनः १९६२ सालीं, लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून निवडून आले. १९६७ सालीं काँग्रेसचे देवघरे, १९७१ सालीं फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे, आणि १९७७ सालीं काँग्रेसचे गेव्ह आवारी.

या क्रमांतील प्रत्येक वळणाचीं कारणें वर्तमानपत्रांत सांपडतील, पण तीं लिहिणारांचीं कारणें होत. आमच्या वडिलांनीं १९६२ चें जें कारण सांगितलें तें कोठेंही छापलेलें नाहीं. विदर्भाच्या प्रश्नापेक्षां त्यांच्या मनांत दुसरीच गोष्ट होती. बापूजी टिळकांच्या मागें गेलेले, आणि आमचे आजोबाही टिळकांच्या नांवानें हात जोडणारे. “हें मत मीं तुझ्या आजोबांच्या वतीनें दिलें” असें ते म्हणत. बापूजींचें ‘तिलकयशोऽर्णवः’ हें संस्कृत काव्य पुढें प्रसिद्ध झालें व १९७३ सालीं, त्यांच्या पश्चात्, त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, तेव्हां तो ग्रंथ वडिलांनीं घरीं आणला. हें पुस्तक आम्हांस संस्कृताकडे वळविणाऱ्या कारणांपैकीं एक आहे. मत, श्राद्ध व ग्रंथ हीं एका सूत्रांत ओवलेलीं होतीं. मतमोजणीच्या तक्त्यांत तें सूत्र दिसावयाचें नाहीं.

एका वहीचा साक्षीपुरावा

आतां आमच्या संग्रहांतील एक साधन सादर करतों. तें म्हणजे आमची स्वतःचीच १९७७ च्या मार्च महिन्यांतील वही. त्या वेळीं आम्ही सतरा वर्षांचे होतों. मत नव्हतें, परंतु जिज्ञासा होती. आणीबाणींतील ती निवडणूक. मतदानापूर्वीं एके रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं वडिलांस विचारलें, व त्यांनीं जें सांगितलें तें टिपून ठेविलें. नोंदीचा सारांश असा: गायवासरास मत देणार, कचेरी वेळेवर उघडते, दुसऱ्या बाजूची मंडळी एकत्र राज्य चालवितील असा भरंवसा नाहीं, मात्र शेजारच्या मास्तरांस मिसाखालीं धरून नेलें तें वाईट झालें. या शेवटच्या वाक्यापुढें आम्हीं त्या वेळीं “बराच वेळ बोलले नाहींत” असें लिहिलें आहे. आईलाही विचारलें. ती म्हणाली, “अरे, सांगायचंच असतं तर पडद्याआड कशाला टाकायला लावलं असतं?” आईचें मत आम्हांस अखेरपर्यंत कळलें नाहीं.

पुढें वीसएक वर्षांनीं वडील नातवंडांस सांगत होते कीं, आणीबाणीच्या निवडणुकींत मीं जनता पक्षास मत दिलें. आम्हीं उठलों, कपाटांतून वही काढली आणि तें पान सर्वांसमक्ष वाचून दाखविलें. वडिलांनीं वही हातांत घेतली, पान पाहिलें, “लिहून ठेवलंस होय?” एवढेंच म्हणाले, आणि ती परत दिली. त्यानंतर पुष्कळ निवडणुका झाल्या. आपण कोणास मत देणार वा कां देणार हें त्यांनीं घरांत पुनः कधीं सांगितलें नाहीं. आम्हांस मात्र बरेच दिवस असें वाटत होतें कीं, समकालीन लेखानें उत्तरकालीन बखरीचा निरास करण्याचें उत्तम उदाहरण आपण घरांतच घालून दिलें.

वडील वारले. प्रस्तुत लेखासाठीं तीच नोंद पुनः उतरवून घेतांना आमची चूक आमच्या दृष्टीस पडली. वहींत “देणार” असें आहे. वडील नातवंडांस म्हणाले तें “दिलें” असें होतें. पहिलें लृट्, दुसरें लुङ्. तीस-पस्तीस वर्षें मुलांस लकार शिकविलेल्या मास्तरास भविष्य व भूत यांतील भेद आपल्या बापाच्या वाक्यांत दिसला नाहीं. नोंदीची रात्र आणि मतदानाचा दिवस यांमध्यें कांहीं दिवसांचें अंतर होतें, आणि त्या अंतरांत शेजारच्या मास्तरांची ती गोष्ट होती, जिच्यापाशीं ते बराच वेळ थांबले होते. पडद्याआड त्यांचा हात कोठें वळला हें आमच्या वहीस ठाऊक नाहीं. त्यांचें मन पालटलें असेल, किंवा पुढें काळ पालटल्यावर आठवण पालटली असेल. दोन्ही पक्ष संभवतात. मात्र त्यांस खोटें ठरविण्यास तें पान पुरेसें नव्हतें, एवढें निश्चित.

संग्राहकांस सूचना

या अनुभवावरून संग्राहक मित्रांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वृद्धांचें निवेदन नोंदतांना “देणार” होतें कीं “दिलें” होतें हें क्रियापद जसेंच्या तसें उतरावें, व नोंदीची तारीख घालावी. दुसरी, चिन्ह, पेटी, शिक्का, दोन मतें हे शब्द निवेदकाच्या तोंडचेच ठेवावे. सुधारून लिहूं नयेत, कारण कालनिर्णय त्यांवरच होतो. तिसरी, जें सांगितलें नाहीं तेंही नोंदावें. आमच्या आईचें उत्तर हा नकार असला तरी गुप्त मतदानाचें मर्म तिनें जितकें नेमकें सांगितलें तितकें आम्हांस दुसरीकडे आढळलें नाहीं. चौथी, निवेदक हयात असतां विरोधी कागद त्याच्यापुढें टाकूं नये. ज्या माणसास कायदाही बोलावयास लावीत नाहीं, तो आपणांशीं केवळ मायेनें बोलतो. कागदाचा पडताळा मागाहूनही घेतां येतो. बंद झालेलें तोंड पुनः उघडत नाहीं.

उपरिनिर्दिष्ट वहीचें पान आम्हीं जसेंच्या तसें जतन केलें असून, वडिलांचें उत्तरकालीन निवेदन त्याच्या समासांत, खंडन असा शेरा न मारतां, पाठभेद म्हणून लिहून ठेविलें आहे. इत्यलम्.