‘केसांचा ब्रूच’ : संपादकीय तळटीप

* केसांचा ब्रूच : हा केसांत माळायचा दागिना नव्हे. दिवंगत माणसाचे केस काचेमागे जपून गळ्याशी टाचायचा हा दागिना आहे. इंग्लंडात ही चाल व्हिक्टोरिया राणीच्या आधीपासूनची. पण डिसेंबर १८६१मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेला, राणीने १९०१मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत काळा वेश सोडला नाही, आणि शोकाचे दागिने घरोघर पोचले. कारागिराकडे दिलेले केस बदलले जातील या धास्तीने कित्येक बायका ते घरीच विणत. आपल्याकडे गळलेला केस घरात राहू देत नाहीत, तेव्हा मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल. पण भिंगाखाली ती बारीक, पिंगट वेणी पाहावी, टोकाला सोन्याची तार गुंडाळलेली. मग कुणीतरी किती वेळ तिच्यापाशी बसले असेल हेच मनात येते.

पुढच्या परिच्छेदातला ‘जेट’ म्हणजे यॉर्कशरमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणारे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाचे अश्मरूप. ‘फ्रेंच जेट’ मात्र काळी काच. हातात घेतले की फरक कळतो : काच गार आणि जड, खरा जेट हलका नि कोमट. बिनझिलईच्या चिनीमातीवर तो तपकिरी रेघ उमटवतो.

असा ब्रूच पाण्यात बुडवून कधीही धुऊ नये. काचेमागे ओल शिरली की केसांना बुरशी धरते, आणि ते पुन्हा कुठून आणणार?