अपस्माराचें औषध आणि ताटांतलें मीठ

वैद्य पथ्य सांगतो, डॉक्टर सांगत नाहीं, अशी एक तक्रार आपल्याकडे फार दिवसांपासून ऐकूं येते. तींत तथ्य किती आणि अभिमान किती, हा वाद मला येथें उकरून काढावयाचा नाहीं. परंतु पाश्चात्य वैद्यकाला अपस्मारावर, म्हणजे आपल्या बोलींतल्या फेफऱ्यावर, जें पहिलें खरोखर गुणकारी औषध सांपडलें, त्याचा गुण आणि त्याचा अपाय हे दोन्ही रोग्याच्या ताटांतल्या मिठावर अवलंबून होते. ही गोष्ट ध्यानांत येण्यास त्या वैद्यकाला ४२ वर्षें लागलीं. तो इतिहास मनोरंजक आहे, आणि थोडा दुःखदहि आहे.

त्याचा आरंभ एका मिठागरांत होतो. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिये येथें आंत्वान बालार नांवाच्या तरुण रसायनज्ञानें, समुद्राच्या पाण्यांतील मीठ काढून घेतल्यावर मागें जें कडू पाणी उरतें त्यांतून, एक तांबूस काळा व अत्यंत उग्र दर्पाचा द्रव वेगळा केला. ही गोष्ट १८२६ सालची. दर्पावरूनच त्या द्रवास ब्रोमीन हें ग्रीक वळणाचें नांव पडलें. आपलें खाण्याचें मीठ म्हणजे सोडियम व क्लोरीन यांचा संयोग. आणि ब्रोमीन हें क्लोरीनचें सख्खें भावंड. एकाच वाफ्यांत जन्मलेल्या या दोघां भावांची चेहरेपट्टी इतकी मिळती आहे कीं, मनुष्याच्या मूत्रपिंडांना त्यांच्यांतला भेद नीटसा ओळखतां येत नाहीं. वाचकांनीं एवढी गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढील सर्व घोटाळा तींतूनच निघाला.

ब्रोमाइड अपस्मारावर चालतें हें मात्र अगदींच भलत्या तर्कानें सांपडलें. ११ मे १८५७ रोजीं लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीच्या सभेंत एडवर्ड सीव्हकिंग यांनीं अपस्मारावर निबंध वाचला. अध्यक्षस्थानीं व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतिवैद्य सर चार्ल्स लोकॉक होते. चर्चेच्या ओघांत त्यांनीं सांगितलें कीं, कांहीं स्त्रियांना ऋतुकालीं झटके येतात, त्याचें मूळ कामवासनेच्या क्षोभांत असावें. पोटॅशियम ब्रोमाइडनें ती वासना मंदावते असें एका जर्मन लेखकाचें म्हणणें वाचनांत आल्यावरून आपण तें देऊन पाहिलें, आणि १४-१५ रोगिणींपैकीं एकीखेरीज सर्वांना गुण आला. तर्क संपूर्ण खोटा, औषध संपूर्ण खरें! तोंपर्यंत या रोगावर जुलाब, जळवा आणि कातडी कायमची निळसर करणारें सिल्व्हर नायट्रेट, असले उपाय चालत. त्यामुळें ब्रोमाइडचा प्रसार वणव्यासारखा झाला यांत नवल नाहीं. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील एकट्या रुग्णालयांत १८७० नंतरच्या दशकांत वर्षाकांठीं सुमारें अडीच टन ब्रोमाइड खपत असे.

झटके थांबत, पण पुष्कळांच्या बाबतींत त्यांची किंमत जबर पडे. तोंडावर व पाठीवर पुटकुळ्या उठत, श्वासाला घाण येई, जीभ जड होई, चाल लटपटे, स्मरण जाई. कोणी दिवसाढवळ्या झोंपेंत असल्यासारखे वागत, तर कोणास भलभलते भास होत. या अवस्थेस ब्रोमिझम असें नांव मिळालें. चमत्कार असा कीं, तेवढ्याच मात्रेवर एक रोगी कामधंदा करी आणि दुसरा खाटेला खिळे. हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा प्रश्न, असें म्हणून डॉक्टर मोकळे होत. मोठमोठ्या आश्रमांतून तर मंद झालेला रोगी हाच बरा झालेला रोगी असें मानण्याकडे चालकांचा कल असावा, असें मला वाटतें. जो हांक मारीत नाहीं, त्याच्याविषयीं तक्रार कोण करणार?

१८९९ सालीं पॅरिसमध्यें शार्ल रिशे आणि एद्वार तूलूझ या दोघांनीं हें कोडें स्वयंपाकघराच्या बाजूनें सोडविलें. अपस्माराच्या रोग्यांचें मीठ अगदीं कमी केलें, तेव्हां ब्रोमाइडच्या पूर्वीपेक्षां पुष्कळ लहान मात्रेनें झटके आवरले. क्लोरीनला भुकेलेली मज्जातंतूंची पेशी ब्रोमाइड अधिक हांवरेपणानें शोषून घेते, असा त्यांचा अंदाज. खरें कारण मूत्रपिंडांत होतें. शरीर क्लोराइड व ब्रोमाइड यांची बेरीज जवळजवळ कायम राखतें. ताटांत मीठ भरपूर असेल तर जादा क्लोराइडबरोबर ब्रोमाइडहि वाहून जातें. मीठ तुटलें कीं मूत्रपिंडें दोन्ही भावंडांना घट्ट धरून ठेवतात, आणि औषध रक्तांत सांचत जातें. त्यांतहि ब्रोमाइड फार सावकाश बाहेर पडतें. निम्में जावयास सुमारें १२ दिवस लागतात. म्हणजे आज जेवणांत केलेल्या बदलाचें फळ कित्येक आठवड्यांनीं दिसणार. मग त्याचा संबंध कोण जोडणार?

अर्थात् ही तलवार दुधारी होती. ज्या अळणी अन्नानें गुण वाढे, त्यानेंच विषबाधाहि होई. आणि विषबाधेवर उतारा म्हणून पुन्हां मीठच द्यावें लागे. अळणी खाण्यास कंटाळलेल्या रोग्यांसाठीं बाझल येथील रोश कंपनीनें १९१२ च्या सुमारास सेडोब्रोल नांवाच्या वड्या काढल्या: गरम पाण्यांत विरघळवाव्या, कीं मिठाच्या जागीं ब्रोमाइड घातलेलें सूप तयार! औषध आणि अन्न यांची इतकी गळाभेट दुसरीकडे कोठें झाल्याचें मला आठवत नाहीं. रक्तांतील ब्रोमाइड मोजण्याची सुटसुटीत रीत बाल्टिमोर येथील ओटो वूट यांनीं १९२७ सालीं दिली, तेव्हां कोठें वेड लागलें म्हणून दाखल झालेल्या कित्येकांना वेड नसून ब्रोमाइड चढलें आहे, हें उघड झालें.

हें सारें मीं वाचलें तें उशिरा, आणि वाचतांना माझ्या थोरल्या आत्याची आठवण झाली. १९४४ च्या सुमारास ती १३-१४ वर्षांची होती, आणि तालुक्याच्या दवाखान्यांतून तिच्यासाठीं ब्रोमाइडची बाटली येत असे. त्या वर्षीं आजीनें पोरीच्या दुखण्यासाठीं चातुर्मासांत मीठ सोडण्याचा नेम धरला, आणि तिच्याकडूनहि करविला. भाद्रपद उजाडेपर्यंत झटके थांबले. देव पावला म्हणून ओटी भरली गेली. पण मुलगी ताटावर बसल्या बसल्या पेंगूं लागली, शब्द अडखळूं लागले, गाल पुटकुळ्यांनीं भरले. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, ती दुसऱ्याच नांवानें हांका मारी. कार्तिकी एकादशीनंतर नेम सुटला. मार्गशीर्षांत आत्या पूर्वीसारखी बोलूं लागली आणि झटकेहि परत आले. नेम मोडला म्हणून देवानें दिलेलें परत घेतलें, असा आजीनें अर्थ लावला. औषध निकामी आहे, असा डॉक्टरांनीं. बाटली तीच होती, मात्रा तीच होती. आजीनें दुसऱ्या वर्षीं पुन्हां मीठ सोडविलें. आत्या ऐंशीच्या पुढें जगली; पुढें गार्डिनालच्या गोळीनें तिला बराच आराम पडला. परंतु गालांवरचे वण राहिले, आणि त्या दोन पावसाळ्यांतलें तिला कांहीं आठवत नसे. आजीला मीं दोष देत नाहीं. तिनें निदान ताटाकडे पाहिलें होतें. पोरगी जेवते काय, हें विचारण्याचें दवाखान्यांत कोणास सुचलें नाहीं.

गार्डिनाल म्हणजेच फेनोबार्बिटल. आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं त्याचा गुण १९१२ सालीं दाखविला. १९३८ सालीं मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें, आणि ब्रोमाइड मागें पडलें. ताटाचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. हीं दोन्ही नवीं औषधें दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरांत ‘ड’ जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतें आणि हाडें ठिसूळ होऊं शकतात, हें १९६० नंतरच्या दशकांत ध्यानांत आलें. ज्यांचा आहार मुळांत निकस, त्यांना हा त्रास अधिक. १९९८ सालीं चंदीगडच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, ग्रेपफ्रूट या पपनसाच्या जातीच्या फळाचा रस घेतल्यास कार्बामाझेपिनचें रक्तांतील प्रमाण सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें. वाटीभर रसानें मात्रा न वाढवितां वाढलेली!

ब्रोमाइड अजून अगदीं संपलेलें नाहीं. लहान मुलांच्या कांहीं हट्टी अपस्मारांत जर्मनी व जपान येथें तें अद्याप देतात, आणि कुत्र्यांच्या फेफऱ्यावर तर तें नित्याचें औषध आहे. कुत्र्याचें खाणें एकाएकीं बदलूं नका, खारे पदार्थ घालूं नका, असें पशुवैद्य मालकास बजावून सांगतात. अशा रोग्याचें रक्त तपासावयास पाठविलें, तर प्रयोगशाळेंतील पुष्कळ यंत्रें ब्रोमाइडलाच क्लोराइड समजून मोजतात, आणि या मनुष्याच्या अंगांत मीठ फार झालें आहे असा अहवाल छापून देतात.